शिरोलीच्या फौंड्रीत फायनान्स बघतोय, सीएफओ (कंपनीचा वित्त प्रमुख) व्हायचंय. इंडस्ट्री बदलू का इथंच थांबू?

शिरोली_नाका
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही. मी सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आहे, वय छत्तीस, बीकॉम झाल्यावर नोकरी करत करत परीक्षा दिल्या. सुरुवातीपासून कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीतच आहे, दोन कंपन्या झाल्या, आत्ताची मध्यम साइजची, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग, ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांना माल जातो, थोडं एक्स्पोर्ट पण हाय. हुद्दा सीनियर मॅनेजर फायनान्स. कॉस्टिंग, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी, ऑडिट सगळं माझ्याकडंच. टनामागं मेल्टिंगला किती युनिट गेले, कुठल्या पार्टचं रिजेक्शन कुठल्या महिन्यात वाढलं, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगीन.

पण दर ठरवायला कस्टमरकडं मालक आणि मार्केटिंगवाले जातात, आणि बँकेत कर्जाचं लिमिट वाढवायची मीटिंग असली की फाइल मी तयार करायची आणि मालक ती घेऊन जाणार, मी ऑफिसात बसून फोनवर आकडे सांगणार. मालक माणूस चांगला आहे, तक्रार नाही, पण असंच चाललं तर पंचेचाळीसाव्या वर्षीपण मी फाइलच तयार करत असणार असं वाटायला लागलंय.

आता तीन ठिकाणी बोलणं चाललंय. एक, जिल्ह्यातलाच खाजगी साखर कारखाना, जीएम फायनान्स, पगार आत्तापेक्षा बराच जास्त. दुसरं, शहरातलं मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल, प्रायव्हेट लिमिटेड आहे, तिथं थेट सीएफओ म्हणून घ्यायला तयार आहेत. तिसरं, चाकणला एका परदेशी ऑटो कंपोनंट कंपनीत प्लांट फायनान्स कंट्रोलर. हुद्दा ऐकायला छोटा, पगार थोडाच वर, आणि घर सोडून जायचं. बायको इथं शाळेत शिक्षिका आहे, आईबाबा राजारामपुरीत, पोरगी तिसरीत.

ज्यांनी एका इंडस्ट्रीतनं दुसरीत उडी मारली आहे त्यांनी सांगा, फौंड्रीत शिकलेलं दुसरीकडं चालतं का? का पुन्हा पहिल्यापासून सगळं? आणि सीएफओ व्हायला सीए नसलेला चालतो का हेही एकदा कुणीतरी स्पष्ट सांगा, कारण ऑफिसात दोन माणसं दोन गोष्टी सांगतात.

उतारा_बारा
भावा, मी तुझ्या उलट्या रस्त्यानं आलोय. सुरुवात साखरेत केली, बरीच वर्षं काढली, मग पुण्याकडं इंजिनिअरिंगमध्ये गेलो, आता एका मशिनरी बनवणाऱ्या कंपनीचा फायनान्स हेड आहे. त्यामुळं साखरेचं जरा सविस्तर सांगतो, बाकीचं दुसरे सांगतीलच.

फौंड्रीत तुझा पैसा किती दिवस अडकतो? स्क्रॅप आलं, वितळलं, पोअर केलं, फेटलिंग-मशिनिंग होऊन माल गेला, कस्टमरनं साठ-नव्वद दिवसांनी पैसे दिले. म्हणजे वर्षात तीन-चारदा तोच पैसा फिरून येतो. साखरेत तसं नाही. ऊस चार-पाच महिन्यांत सगळा येतो आणि साखर विकायची वर्षभर, तीपण तुझ्या मनानं नाही, केंद्र दर महिन्याला कोटा देतं तेवढीच. आणि ऊस आला की १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज, आणि साखर आयुक्तांकडनं आरआरसी (थकबाकी वसुलीचा आदेश) निघाली की विषय जिल्हाधिकाऱ्यांकडं.

आता आकडे बघ. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी (उसाला द्यायचाच लागणारा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातनं तेवढी साखर निघाली तर. त्यापुढं प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. आपल्या भागात १२ टक्के उतारा धर, म्हणजे टनाला ४१५५ रुपये होतात, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा करून बाकीचे शेतकऱ्याला, पण कारखान्याच्या खिशातनं सगळेच जातात. त्या टनातनं साखर निघते १२० किलो. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये ३१ रुपये किलो केली, त्या भावानं धरलं तर ३७२० रुपयेच होतात. बाजारभाव त्याच्या वर असतो, मोलॅसिस-बगॅस-इथेनॉलचे वेगळे येतात, म्हणून गाडी चालते. पण बँक तुला पैसे कशावर देते? गोडाऊनमधल्या पोत्यांवर, तिनं धरलेल्या भावावर, त्यातनं मार्जिन कापून. भाव दोन रुपयानं उतरला आणि बँकेनं मूल्यांकन खाली आणलं की त्याच पोत्यांवर कमी पैसे मिळणार, आणि शेतकऱ्याचे १४ दिवस तर थांबत नाहीत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय मागणी ठरते तेपण बजेट करताना बघावं लागतं, एफआरपीच्या वर किती द्यायचे ही चर्चा तिथनं सुरू होते.

त्यात तोडणी-वाहतुकीची उचल. मुकादमाला हंगामाच्या आधी पैसे द्यायचे, बीडकडनं टोळ्या येणार, काही येतात काही येत नाहीत. उचल बुडाली तर ती बॅलन्स शीटवर अॅडव्हान्स म्हणून वर्षानुवर्षं बसून राहते. तू जाणार असशील तर हा एक आकडा, उचलीची वर्षवार थकबाकी, मुलाखतीतच माग. तो बघून कारखान्याची तब्येत कळते.

एवढं सांगायचं कारण काय तर साखरेनं मला रोख पैसा वाचायला शिकवलं. पुढच्या तेरा आठवड्यांत कुठल्या आठवड्यात किती येणार किती जाणार हा कागद मी तिथं बनवायला शिकलो आणि इंजिनिअरिंगमध्ये गेल्यावर पहिल्या महिन्यात तोच कागद बनवला, तिथं तो कुणी बनवतच नव्हतं, सगळे नफा-तोटा बघत होते. म्हणजे शिकलेलं चालतं का याचं उत्तर हो, चालतं, पण अकाउंटिंग चालत नाही, ते सगळीकडं सारखंच आहे त्याचं कुणाला कौतुक नाही. पैसा कुठं अडकतो आणि का अडकतो हे शोधायची सवय चालते. ती तुला रिजेक्शन आणि युनिटच्या निमित्तानं लागलेली दिसते.

आणि तुझी खरी अडचण इंडस्ट्रीची वाटतच नाही मला. तू स्वतःच लिहिलंयस, दर ठरताना तू नसतोस आणि बँकेपुढं तू नसतोस. हे दोन निर्णय जिथं तुझ्या टेबलावरनं जातील तिथं जा. ते नसतील तर जीएम म्हण, सीएफओ म्हण, काम तेच राहणार.

गोकुळ_शिरगाव
सीए-सीएमएच्या प्रश्नाचं आधी उत्तर देतो. कंपनी कायदा २०१३, कलम २०३. लिस्टेड कंपनी आणि ज्या पब्लिक कंपनीचं पेड-अप भांडवल १० कोटी किंवा जास्त आहे तिला पूर्णवेळ सीएफओ नेमावाच लागतो, तो मुख्य व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांत धरला जातो. पण त्याची डिग्री कुठली असावी हे कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. सीएमए, एमबीए, कुणीही चालतो. नेमणाऱ्यांची आवड सीएकडं असते तो भाग वेगळा, विशेषतः आयपीओ काढणाऱ्या कंपन्यांत.

यातनंच दुसरा मुद्दा. तुझं हॉस्पिटल प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे तिथं सीएफओ नेमायची कायद्यानं सक्तीच नाही. ते पद त्यांनी त्यांच्या इच्छेनं तयार केलंय, त्याचे अधिकार ऑफर लेटरमध्ये जेवढे लिहिले तेवढेच. बँकेची सही असणार का, बोर्डाच्या मीटिंगला बसणार का, किती रकमेपर्यंतची खरेदी तू मंजूर करणार, हे लिहून घे. लिस्टेड कंपनीत उलटं असतं, तिथं सीईओबरोबर सीएफओला आर्थिक निकालांवर सर्टिफिकेट द्यावं लागतं, आर्थिक पत्रकांवर सही असते, म्हणजे अधिकार आणि जबाबदारी दोन्ही अंगावर येतात.

आणि मी जरा वेगळं सांगणार. सगळे म्हणतात बदला बदला. मी फौंड्री आणि मशिनिंग सोडून कुठंही गेलो नाही आणि मला त्याचा फायदा झालाय. आज एखादा कस्टमर नवीन पार्टचं ड्रॉइंग पाठवतो आणि आमचा डेव्हलपमेंटवाला किलोला अमुक दर सांगतो, तेव्हा मी ड्रॉइंग बघून विचारतो, यात कोअर किती आहेत, यील्ड काय धरलंस, पॅटर्नचा खर्च किती नगांवर वाटलास. हे विचारता यायला एकाच धंद्यात मुरावं लागतं. वरवरच्या चार इंडस्ट्र्या फिरलेल्या माणसापेक्षा असा माणूस मालकाला जास्त उपयोगाचा असतो. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात कास्टिंगवर चालणाऱ्या कंपन्या काही थोडक्या नाहीत, तुला घर न सोडता वर जायला जागा आहे. एवढंच की फौंड्रीत राहायचं तर फौंड्रीतल्या मोठ्या कंपनीत जा, जिथं एक्स्पोर्ट मोठं आहे, फॉरवर्ड कव्हर घेतात (डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवतात), इंड एएस (मोठ्या कंपन्यांचे हिशेबाचे नियम) लागू आहे. मध्यम कंपनीत अजून दहा वर्षं राहिलास तर तुझ्या रेझ्युमेवर नवीन ओळ पडणार नाही.

बँक, एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या), इन्शुरन्सकडं जायचं डोक्यात असेल तर काढून टाक. तिथं पैसा हाच कच्चा माल आहे, रिझर्व्ह बँकेचे रिटर्न, प्रोव्हिजनिंग, मुदतीचा मेळ घालायचा, ती माणसं त्यांच्यातलीच घेतात.

ताराबाई_पार्क_सीए
दादा, हॉस्पिटलचं मी सांगते. मी सीए, सुरुवातीला एका कास्टिंग कंपनीत होते, नंतर हॉस्पिटलमध्ये आले, अजून तिथंच आहे, फायनान्स हेड म्हणून. गोकुळ शिरगाववाल्यांचं लेटरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, ते लिहूनच घ्या.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर किंमत कशाला जोडायची तेच कळेना. फौंड्रीत किलो असतो, सगळं किलोवर येऊन थांबतं. इथं काय धरायचं, बेड, पेशंट, ऑपरेशन, का डॉक्टर? शेवटी वापरात आलं ते प्रत्येक भरलेल्या बेडमागं दिवसाला किती उत्पन्न आणि पेशंट सरासरी किती दिवस राहतो, या दोन आकड्यांवर आमचं महिन्याचं बोलणं चालतं. गुडघा बदलायचा पेशंट पाच दिवसांऐवजी चार दिवसांत घरी गेला तर पॅकेज तेच आणि बेड एक दिवस लवकर मोकळा. हे लिहायला सोपं आहे, पण डॉक्टरांना हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण पेशंट किती दिवस ठेवायचा हा त्यांचा निर्णय आहे आणि तो त्यांचाच राहिला पाहिजे. फायनान्सवाल्यानं तिथं बोट घालायचं नाही. मात्र डिस्चार्जचा निर्णय सकाळी दहाला झाला आणि पेशंट संध्याकाळी सातला गेला, तर ते नऊ तास आपले आहेत, ते आपण कमी करायचे.

मी गेल्यावर संध्याकाळी बिलिंग काउंटरच्या मागं खुर्ची टाकून बसायला लागले. नातेवाईक बॅगा भरून बसलेले, पेशंट कपडे बदलून तयार, आणि टीपीएचं (इन्शुरन्स कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेचं) फायनल अप्रूव्हल येत नाही. मे २०२४ मध्ये इर्डाईनं (विमा नियामकानं) सांगितलंय की डिस्चार्जचं अप्रूव्हल तीन तासांत मिळालं पाहिजे, पण तुमच्याकडनं फाइल जाईपर्यंत ते तीन तास सुरूच होत नाहीत. आमच्याकडं उशीर टीपीएमुळं कमी आणि डिस्चार्ज समरी टाइप व्हायला लागणाऱ्या वेळेमुळं जास्त होत होता. हे ऑफिसात बसून रिपोर्टमध्ये दिसलं नसतं.

आणि मग क्लेममधनं कापलेले पैसे. इन्शुरन्सवाले इतके टक्के कापतातच असं सगळे धरून चालायचे. मी फौंड्रीत रिजेक्शनचं शीट बघायची सवय लागलेली, ब्लो होल किती, सँड इन्क्लुजन किती, कोल्ड शट किती, कुठल्या शिफ्टला. तसंच शीट मी क्लेमचं केलं. कुठल्या कारणानं कापले, कुठल्या विभागाचे, कुठल्या टीपीएनं. दोन-तीन महिन्यांत दिसलं की मोठा भाग इम्प्लांटचं स्टिकर आणि इन्व्हॉइस फाइलला न लावल्यामुळं जातोय. ओटीच्या सिस्टरांना बोलावलं, त्यांच्याशी बसून चेकलिस्ट केली. तेव्हा फौंड्रीत शिकलेलं चालतं का म्हणाल तर बघा, असं चालतं.

काही गोष्टी मात्र नव्यानंच शिकाव्या लागतात. उपचार जीएसटीमुक्त आहेत त्यामुळं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, एमआरआय मशिन घेतलं की त्यावरचा जीएसटी सरळ किमतीत जातो, फौंड्रीच्या सवयीनं प्रोजेक्ट रिपोर्ट केलात तर पहिल्याच पानावर चुकेल. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे पैसे कधी येतात त्यावर कॅश फ्लो हलतो. व्हिजिटिंग डॉक्टरांचा हिस्सा, त्यावरचा टीडीएस, आणि तो वेळेवर दिला नाही तर डॉक्टर पेशंट दुसरीकडं न्यायला लागतात, हे सगळं रोजचं आहे.

मला विचाराल तर हॉस्पिटल चांगलं क्षेत्र आहे, पण एक गोष्ट बघा, तुम्ही रिपोर्ट कुणाला करणार? प्रमोटर डॉक्टरांपैकी एकाला करणार असाल आणि बाकीचे तिघे थेट अकाउंट्समध्ये येऊन पेमेंट सोडायला सांगणार असतील तर अवघड आहे. हे आधीच्या फायनान्सवाल्याशी बोलून कळेल. तो कुठं गेला, का गेला, त्याचा नंबर मिळवा.

उद्यमनगर_दुसरी_पिढी
मी नोकरीवाला नाही, मालक आहे, म्हणजे वडिलांनी उद्यमनगरात लेथवर चालू केलेलं, आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचं मशिनिंग आणि छोटी फौंड्री. टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं ते सांगतो.

आम्ही मागं फायनान्स हेड घेतला तो इचलकरंजीच्या टेक्स्टाइलमधला. फौंड्रीतले अर्ज होते, तरी त्याला घेतलं. कारण मुलाखतीत मी त्याला आमचा ताळेबंद दिला आणि म्हटलं काय दिसतंय सांगा. बाकीच्यांनी रेशो सांगितले. हा म्हणाला, साहेब तुमचं घेणं वाढलंय पण विक्री तेवढी वाढलेली नाही, म्हणजे कस्टमर तरी उशिरा देतोय नाहीतर डेबिट नोटचं (कस्टमरनं बिलातनं पैसे कापायच्या चिठ्ठीचं) भांडण पडलंय. डेबिट नोटचंच पडलेलं होतं. स्क्रॅपचा भाव वाढला की आम्ही कस्टमरकडं दरवाढ मागतो, ती तिमाही अमेंडमेंटमध्ये (ऑर्डरमधल्या दराच्या बदलात) येते, पण कुठल्या तारखेपासून लागू यावर वाद चालतो, आणि भाव उतरला की ते मागच्या तारखेनं डेबिट नोट काढतात. हे त्याला टेक्स्टाइलमध्ये सुताच्या भावानं शिकवलेलं. कास्टिंग त्याला दोन महिन्यांत समजलं, आमच्या मेल्टिंग सुपरवायझरबरोबर रात्रपाळीला थांबायचा.

मालकाला सीएफओकडनं काय पाहिजे असतं तर पुढचा त्रास आधी दिसला पाहिजे. उदाहरण देतो. आयकराचं कलम ४३बी(एच) आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, आणि लेखी करार नसेल तर १५ च दिवस, तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, जेव्हा द्याल तेव्हाच मिळतो. आमचे पॅटर्न करणारे, जॉबवर्कवाले सगळे या यादीत, उद्यमनगरच्या बोळातले. आणि आम्ही स्वतः उलाढालीनं लघुच्या वर गेलोय, लघुची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १०० कोटी आहे. म्हणजे आम्ही खाली ४५ दिवसांत द्यायचे आणि वरनं मोठा कस्टमर आम्हाला नव्वद दिवसांनी देणार, त्याला हा नियम आमच्यासाठी लागू नाही. मधलं अंतर कोण भरणार? या माणसानं जानेवारीतच यादी काढली, कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण नुसता ट्रेडर, मार्चमध्ये किती लागणार, आणि कस्टमर ट्रेड्सवर (बिलं देऊन लवकर पैसे मिळवायच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) आहे का बघून बिलं तिथं डिस्काउंट करून घेतली. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी बंधनकारक झालीय, त्याचा उपयोग आमच्यासारख्यानं करून घ्यायचा. मला मार्चमध्ये एक रुपया अचानक उभा करावा लागला नाही. त्यानंतर मी बँकेत एकटा गेलेलो नाही.

त्यामुळं शिरोलीवाल्या भावाला एक सांगणं. तुझा मालक तुला बँकेत नेत नाही असं म्हणतोस, तू कधी मागितलंस का? आम्ही मालक मंडळी सवयीनं एकटं जातो, वडिलांपासून मॅनेजर ओळखीचा असतो म्हणून. त्याच्यात तुझ्यावर विश्वास नाही असं काही नसतं. पुढच्या रिन्युअलला सांग की मी येतो, ड्रॉइंग पॉवर (मालावर-येण्यांवर किती कर्ज उचलता येईल) आणि प्रोजेक्शनवर मी बोलतो, तुम्ही बाकीचं बोला. नाही म्हणाला तर मग तीन ऑफर आहेतच.

शिरोली_नाका
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. दोन दिवसांत थोडी चौकशी केली ती सांगतो.

कारखान्यात बँकेशी सगळं बोलणं चेअरमन आणि त्यांचे बाहेरचे सल्लागार करतात, जीएम फायनान्सनं हंगामात पेमेंट सोडायची आणि ऑडिट सांभाळायचं. उचलीची वर्षवार यादी मागितली तर रुजू झाल्यावर बघा म्हणाले. हॉस्पिटलमध्ये ताईंनी सांगितल्याप्रमाणं आधीच्या माणसाशी बोललो, तो म्हणाला काम चांगलं आहे, प्रमोटर आता एकच माणूस निर्णयाला ठेवणार आहेत, आणि ते दुसरी इमारत बांधायच्या विचारात आहेत, त्याचं कर्ज उभं करायचं काम नव्या माणसाकडंच येणार. चाकणवाले म्हणाले महिना संपला की तिसऱ्या वर्किंग डेला क्लोजिंग, एसएपी, परदेशी हेड ऑफिसला रोजचा रिपोर्ट, दर मात्र हेड ऑफिसलाच ठरतात.

आणि उद्यमनगरच्या दादांचं ऐकून मालकांना विचारलं. ते म्हणाले, ये की, तू येत नाहीस म्हणून मी नेत नव्हतो. पुढच्या महिन्यात रिन्युअल आहे. आता अजूनच कोड्यात पडलोय.

उतारा_बारा
कारखाना सोड. यादी न दाखवणं हे पुरेसं आहे.

चाकणचं काम शिस्त शिकायला चांगलं आहे, तू अठ्ठावीसचा असतास तर मी जाच म्हटलं असतं. आता छत्तीसाव्या वर्षी, बायकोची नोकरी मोडून, दर दुसरीकडं ठरतात अशा ठिकाणी रिपोर्ट पाठवायला जाण्यात मला फायदा दिसत नाही.

राहिलं हॉस्पिटल आणि आत्ताची जागा. यातलं हॉस्पिटलचं वजन कशामुळं वाढतं तर दुसऱ्या इमारतीच्या कर्जामुळं. मुदतीचं कर्ज स्वतः उभं करणं, प्रोजेक्ट रिपोर्ट, बँकेच्या शंका, टप्प्याटप्प्यानं रक्कम उचलणं, बांधकाम लांबलं की व्याज कुठनं भरायचं, हे एकदा केलेला माणूस कुठल्याही इंडस्ट्रीत चालतो. पण इंडस्ट्री नवीन, हुद्दा नवीन आणि त्यात मोठं कर्ज, हे तिन्ही एकदम अंगावर घ्यायचं तर पहिले सहा महिने कर्जाला हात लावायचा नाही एवढं तरी बोलून घे. तेवढ्यात बिलिंग आणि क्लेम समजून घे.

घाई करू नकोस. रिन्युअलला मालकांबरोबर जाऊन ये. हॉस्पिटलवाल्यांना सांग महिनाभरात कळवतो, चांगल्या जागी माणसासाठी महिना थांबतात. बँकेत तुला बोलायला मिळालं आणि त्यानंतर दराच्या मीटिंगलाही बोलावलं तर इथंच राहून वर्षभर बघायला हरकत नाही. नुसतं शेजारी बसवलं तर मग हॉस्पिटल.

गोकुळ_शिरगाव
उतारा_बारांशी सहमत, एवढंच जोडतो की मालकांकडं दराच्या मीटिंगचंही आत्ताच माग. बँकेला नेणं सोपं आहे, कस्टमरपुढं फायनान्सवाल्याला नेणं मार्केटिंगवाल्यांना आवडत नाही, तिथंच कळेल.

ताराबाई_पार्क_सीए
आणि हॉस्पिटलवाल्यांशी पुढचं बोलणं होईल तेव्हा तीन कागद मागा. मागच्या वर्षभरातलं टीपीएवार कापलेल्या रकमेचं शीट, योजनेचे येणे किती दिवसांपासून थकलंय त्याची यादी, आणि डॉक्टरांशी केलेल्या करारांचा नमुना. पहिला कागद त्यांच्याकडं नसेलच, बऱ्याच ठिकाणी नसतो, त्यानं घाबरू नका. दुसरा नसेल तर मात्र दुसऱ्या इमारतीचं कर्ज बँक कशावर देणार ते त्यांनाच विचारा. नोटीस पीरियड किती आहे तुमचा?

शिरोली_नाका
तीन महिने, ताई. पण मालक सोडायच्या बाबतीत अडवणारे नाहीत. कागद मागतो. आणि दराच्या मीटिंगचं उद्याच विचारतो, ट्रॅक्टरवाल्यांची अमेंडमेंट याच महिन्यात आहे, स्क्रॅपचा भाव कुठल्या आठवड्यात किती होता त्याचं शीट माझ्याकडं तयारच आहे.